शनिवारचा शेवटचा तास

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे फक्त इंग्रजीच्या बाई उभ्या राहिल्या. शनिवारचा अवांतर वाचनाचा तास त्यांचा. नववीला त्यांनी चिनुआ अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' वाचून दाखवली. १९५८ ची कादंबरी, नायजेरियातल्या इग्बो समाजाची.

प्रत्येक प्रकरण संपलं की बाई विचारायच्या, "हे कोण बघतंय?" पंचविसाव्या, शेवटच्या प्रकरणापर्यंत उत्तर बहुतेक एकच असे : उमुओफिया या इग्बो गावसमूहाची माणसं. यामच्या कंदांची लागवड, लग्नाची बोलणी, मुखवटे घालून न्याय देणारे पूर्वज. अखेरच्या परिच्छेदात मात्र नजर गोऱ्या कमिशनरची होते. कादंबरीचा नायक ओकोंक्वो याने गळफास घेतलेला. आत्महत्या हे भूमीविरुद्धचं पाप, म्हणून भाऊबंद प्रेताला हात लावू शकत नाहीत. परक्यांना बोलवावं लागतं. आणि साहेब आपल्या नियोजित पुस्तकात या माणसाला किती जागा द्यावी ते ठरवतो : प्रकरण नको, एक परिच्छेद पुरे. बाई त्यावर काही बोलल्या नाहीत. पहिलं पान पुन्हा उघडायला लावलं. तिथे नऊ गावांत नाव गाजवलेला मल्ल ओकोंक्वो होता.

त्याला निष्कलंक वीर ठरवलेलं त्यांना खपत नसे. त्याला बाप मानणाऱ्या इकेमेफुनावर तो स्वतः कोयता चालवतो, केवळ आपण भित्रे दिसू नये म्हणून. मुलगा न्वोये मिशनऱ्यांकडे जातो त्याचं एक मूळ या हत्येत आहे.

'ची' हा शब्द बाई तसाच ठेवत. 'नशीब' म्हटलं की माणसागणिक वेगळं असलेलं त्याचं दैवत हरवतं. माणूस हो म्हणाला की त्याचा चीही हो म्हणतो, अशी इग्बो म्हण आहे. नशीब कुठलं हो म्हणायला!

आज विद्यापीठात आफ्रिकी कादंबरी शिकवताना मी याच क्रमाने जाते. केनियाच्या न्गुगी वा थियोंगो यांच्यापाशी आलं की शाळाच आठवते. त्यांच्या शाळेत गिकुयु बोलणाऱ्याच्या हाती एक बटण देत. त्याने ते मातृभाषा बोलणाऱ्या पुढच्या मुलाकडे सरकवायचं. संध्याकाळी ज्याच्याकडे सापडेल त्याच्याकडून मागची नावं काढून घेत, आणि शिक्षा साऱ्यांना. मित्रालाच चहाडखोर करणारी ही पद्धत. पुढे गिकुयु नाटकानंतर, १९७७ च्या अखेरीस, स्वतंत्र केनियाच्या सरकारने त्यांना कैदेत टाकलं. तिथे त्यांनी गिकुयु कादंबरी लिहिली, शौचालयाच्या कागदावर.

बाईंच्या तासाला आम्ही मराठीत उत्तरं द्यायचो. तो तास आता वेळापत्रकात नाही, असं कळलं. पुन्हा सुरू करणार असाल, तर अचेबेंच्या पाच प्रती पाठवते.