माती ते पिंजरा: दुहेरी पट गिलोटिनमध्ये अडकतोय

इंटर-क्लब स्पॅरिंग (क्लबाक्लबांतली सरावाची झुंज) झालं आणि माझा दुहेरी पट (खाली शिरून दोन्ही पाय धरून पाडायचा डाव) पुन्हा गिलोटिनमध्ये (समोरून मान बगलेत घेऊन आवळायचा फास) गेला. समोरचा बीजेजेचा (ब्राझिलियन जिउ-जित्सू, जमिनीवर पकडी आणि फास लावायची कला) ब्लू बेल्ट, वजनाला माझ्याहून बराच हलका. पटात शिरलो, दोन्ही मांड्या हाताला लागल्या, उचलला, आपटला. पाठ स्वच्छ टेकली. मातीत इथं शिट्टी वाजते आणि हलगीवाला पेटतो. या पठ्ठ्यानं मात्र पडता पडताच माझी मान बगलेत घेतली, पाय कमरेभोवती आवळले आणि टॅप करायची (थोपटून हार मानायची) वेळ आली ती वर असलेल्या माझ्यावर.

वस्तादांना फोन करून सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “त्येची पाठ लागली न्हवं? मग संपली की कुस्ती. फुडचं मला सांगू नगं.” मी गळ्याचं सांगायला लागलो तर, “गळा आवळायचा, ही कसली कुस्ती रं?” म्हणून फोन ठेवला.

तर सध्या सगळी गाडी याच एका ठिकाणी रुतली आहे. कुठली शैली कुठं चालते ते बघायला मांडलेल्या तक्त्याचं काम (तीच माणसं, क, ख आणि ग या तीन नियमांत आलटून पालटून) मागे पडलंय. नव्यांसाठी पटकन: क म्हणजे मातीचे नियम, पाठ टेकली की खेळ खलास. ख म्हणजे ग्रॅपलिंग, टॅप होईपर्यंत. ग म्हणजे सात औंसी ग्लोव्ह्ज, शिनगार्ड आणि जवळपास सगळं, फक्त कोपर नाही आणि पडलेल्याच्या डोक्याला लाथ नाही. वरचा डाव ‘क’मध्ये मी जिंकलो, ‘ख’मध्ये हरलो. एकच डाव, एकच सेकंद. मग ‘कुस्ती विरुद्ध बीजेजे’ या रकान्यात नाव कुणाचं लिहायचं?

आता मुद्द्याचं. व्हिडिओ फ्रेम फ्रेम करून बघितला. मातीतल्या सवयीनं माझं डोकं समोरच्याच्या कमरेच्या बाहेर जातं, कपाळ खाली, मान लांब. तालमीत मानेला कुणी हात घातला तर तो मान खेचून खाली घ्यायला, आवळायला नाही. त्यामुळे मान लपवायची सवयच लागत नाही. उलट, मान किती जाड यावर आपली ऐट. गिलोटिन नीट बसला तर श्वासनळीआधी मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, आणि वर्षानुवर्षं केलेला मानेचा पूल (डोक्यावर भार घेऊन मान घडवायचा व्यायाम) तिथं काही क्षण उसने देतो, बस.

पहिला उपाय: डोकं आत, त्याच्या बरगडीला चिकटवून. गिलोटिन खरंच थांबला. पण ‘ग’ नियमात मुए थायवाला (थायलंडची ठोसे, लाथा, गुडघ्यांची कला) समोर आला आणि आत आलेल्या डोक्याला सरळ गुडघा भेटला. दुसरा उपाय, मान सापडलीच तर डोकं ज्या बाजूला अडकलंय त्याच्या उलट बाजूला धड पळवायचं, एक हात त्याच्या खांद्यावरून पलीकडे टाकायचा, दुसऱ्यानं त्याचं मनगट खाली ओढायचं. कागदावर सोपं. प्रत्यक्षात आपलं अंग सरळ पुढं रेटायला शिकलंय, आणि सरळ रेटलं की आपणच फास आवळून घेतो. समोरच्याला फक्त धरून ठेवायचं काम उरतं.

इथं ग्लोव्ह्जची एक गंमत सापडली. ‘ख’मध्ये मोकळ्या हातानं त्याचं मनगट माझ्या बोटांत येतं, पण त्याचीही पकड पटकन जुळते. ‘ग’मध्ये दोघांच्या मुठींवर फोम. त्याचा हात माझ्या हनुवटीखाली सरकायला अर्धा सेकंद जास्त घेतो, आणि तेवढ्यात मी बाजूला निघतो. म्हणजे तोच गिलोटिन ग्लोव्ह्जमध्ये थोडा लंगडा होतो. यूएफसीमध्ये (अमेरिकेतली, पिंजऱ्यातल्या मिश्र लढतींची स्पर्धा) ग्लोव्ह्ज सक्तीचे झाले १९९७ मध्ये. त्याआधीच्या लढतींची आणि आजच्या लढतींची एकाच यादीत बेरीज करणारे लोक म्हणूनच मला खटकतात.

जुन्या लढतींत हेच कोडं सगळीकडे दिसतं. डिसेंबर १९९४, यूएफसी ४ ची फायनल: डॅन सेव्हर्न, अस्सल कुस्तीगीर, बीजेजेवाल्या हॉइस ग्रेसीपेक्षा कितीतरी जड. खाली पाडलं, पंधरा मिनिटांवर दाबून ठेवलं आणि शेवटी खालून आलेल्या ट्रँगलमध्ये (पायांच्या त्रिकोणात मान आवळायचा फास) सेव्हर्नच टॅप. दोनच वर्षांत मार्क कोलमन आला. तोही कुस्तीवाला, पण वर बसून नुसतं दाबायचं नाही, ठोकायचं, हे त्यानं पक्कं केलं. तेव्हा डोकं मारायलाही परवानगी होती. मग जुलै १९९७ मध्ये मॉरिस स्मिथ नावाच्या किकबॉक्सरनं त्याला दमवून गुणांवर हरवलं. ‘कुठली शैली भारी’ या प्रश्नाचं उत्तर असं वर्षावर्षाला कूस बदलतं.

आणि आपल्या घरचं उदाहरण: भरत खंडारे, यूएफसीत गेलेला आपला मराठी गडी. नोव्हेंबर २०१७, शांघाय, सोंग यादोंगविरुद्ध पहिल्याच फेरीत हरला. कशात? गिलोटिन. ती क्लिप मी इतक्यांदा बघितलीय की बायको म्हणते, आता तरी त्याला सोडव.

कुस्तीतून आलेल्या रितू फोगाटचंही तसंच. डिसेंबर २०२१, वन चॅम्पियनशिप या आशियातल्या मिश्र लढतींच्या स्पर्धेची ग्रां प्री फायनल. समोर स्टॅम्प फेअरटेक्स, मुए थायची पोर. सगळ्यांना वाटलं उभ्यानं स्टॅम्प, जमिनीवर रितू. स्टॅम्पनं दुसऱ्या फेरीत जमिनीवरच आर्मबार (कोपराला उलटा ताण देणारी पकड) लावला आणि जिंकली. सांगा, ही लढत कुठल्या रकान्यात टाकू? मुए थाय जिंकलं म्हणू? मी शेवटी शैलीचा रकानाच दोन भागांत फोडला: ‘कशात वाढला’ आणि ‘कशानं जिंकला’. तक्ता रुंद झाला, पण खोटं बोलायचा थांबला.

दुसरी पीडा म्हणजे पालथं होणं. पडतोय असं वाटलं की अंग आपोआप वळतं आणि मी पोटावर. मातीत हे सोनं. वरचा घिस्सा मारो की सवारी भरो (खालच्याला चीत करायचे डाव), खालचा जमिनीला चिकटून पडला की लोक हैराण होतात. १९१० साली लंडनमध्ये पोलंडचा झबिस्को आपल्या गामा पहिलवानासमोर अडीच तासांहून अधिक काळ असाच जमीन धरून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. (१९२८ ला पतियाळात गामानं त्याला मिनिटभरही टिकू दिलं नाही, तो भाग आपल्याला जास्त आवडतो.) पण ‘ख’ आणि ‘ग’मध्ये पालथं पडणं म्हणजे पाठ आणि गळा दोन्ही ताटात वाढून देणं. यावर सध्या एकच इलाज चालू आहे: पडलो की मुद्दाम पाठीवर राहायचं, गुडघे छातीशी. पोटात कालवाकालव होते. लहानपणापासून जिला लाज म्हटलं ती पाठ आता स्वतःहून टेकवायची.

गळाच कशाला, गामाचा पुतण्या अक्रम पहिलवान १९७६ मध्ये कराचीत जपानी पहिलवान अँटोनियो इनोकीसमोर उतरला तेव्हा इनोकीनं हात पिरगाळून त्याचा खांदाच निकामी केला. रग होती, पण सांध्याच्या कुलपांची सवय नव्हती.

बाकीच्यांची हालत वेगळी आहे असं समजू नका. आमचा क्योकुशिनवाला (पूर्ण जोरानं मारायचं कराटे) पोटात ठोसा आणि मांडीवर लाथ अशी मारतो की रात्री जिना चढताना त्याची आठवण येते. पण त्यांच्या स्पर्धेत तोंडावर ठोसा चालत नाही, त्यामुळे हात छातीशी. ‘ग’मध्ये साधा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) त्याच्या नाकावर बसतो. ज्युदोवाल्याचं जॅकेट काढलं की त्याची बोटं हवेत काहीतरी शोधत राहतात. आणि कराटे चालत नाही म्हणणाऱ्यांनी कराटेतून येऊन २००९ मध्ये यूएफसी विजेता झालेला ल्योतो माचिदा आठवावा. त्याच्या अंतरापुढे माझ्यासारख्या पटवाल्याला शिरायला जागाच उरली नसती.

आता चांगली बातमी. चीड आली म्हणून एक दिवस पट सोडूनच दिला आणि खडाखडीतून (उभ्यानं हाताला हात भिडवून चाचपणं) सरळ मिठीत गेलो. कंबर बांधली, डोकं वर, त्याच्या हनुवटीखाली, आणि बाहेरची टांग (त्याच्या पायाला बाहेरून पाय अडकवून पाडणं). मुए थायवाला धाडकन. गुडघा मारायला जागा नाही, गिलोटिनला मान नाही, आणि पडलो तर मी आधीच त्याच्या पायांच्या बाहेर. ‘क’, ‘ख’, ‘ग’ तिन्हींत चाललेला हा माझा पहिला डाव! वस्तादांना सांगितलं तर म्हणाले, “टांग मीच शिकवली हुती. तवा तू ऐकत न्हवतास.”

सामानाबद्दल: ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त ग्लोव्ह्जची अंगठ्याची शिवण पहिल्याच आठवड्यात उसवली, आणि विक्रेत्याचं उत्तर ‘हाताळणीमुळे’. अहो, हाताळायलाच घेतले होते. ग्लोव्ह्ज दुकानात जाऊन, मूठ वळवून बघूनच घ्या. जिगसॉ मॅट २५ मिलिमीटरची असेल तर टांग मारू नका, सांध्यात पायाचं बोट अडकतं. ४० घ्या आणि कडेला टेप लावा. माउथगार्ड उकळत्या पाण्यात टाकून चावायचा साधा पुरतो. कान फुटलाय म्हणून मिरवणाऱ्यांनी इअरगार्डवर हसू नये, मिठीतून शिरताना कानच आधी घासतो.

पुढचा बेत होता गिलोटिनची सुटका घोटायची आणि मग व्हॉन फ्लू. जेसन व्हॉन फ्लूनं २००६ मध्ये लावला तो: समोरचा मान सोडत नाही, आपण पाय ओलांडून उलट बाजूला येतो आणि खांदा त्याच्याच गळ्यात रुतवतो. वर राहून दाबायचं काम, म्हणजे आपल्या जातकुळीतला डाव.

पण हे लिहिता लिहिता दुसरंच सुचलं. आम्ही नियम आधी ठरवतो, त्यामुळे प्रत्येकजण ‘आज ख आहे’ म्हणून मान सांभाळून उतरतो. मग सवय मोजली जाते की सावधपणा? त्यापेक्षा नियम चिठ्ठीनं काढायचे. आणि चिठ्ठी फक्त रेफरीनं बघायची. लढणाऱ्यांना ‘क’ की ‘ख’ ते शिट्टी वाजल्यावरच कळेल. ‘ग’ यातून वगळतोय, तिथं ग्लोव्ह्ज घालावे लागतात म्हणून नियम आधीच कळतो, आणि बेसावध माणसाला ठोसे मारण्यात अर्थ नाही. मान अडकल्यावर वळवळत सुटायचं की पाठ टेकवून जिंकायचं, हे अंग काय निवडतं ते मला बघायचंय.

रविवारी ज्युदोवाला आणि ब्लू बेल्ट दोघंही येतायत. रेफरी म्हणून वस्तादांना विचारणार आहे. फक्त ‘ख’ची चिठ्ठी निघाली तर ते शिट्टी थांबवून ठेवतील का, याची खात्री नाही.