कोलायचं नाही, मारायचं

पुतण्या पुण्याहून सुट्टीला आला तो गोल्फची काठी घेऊन. नियमानं थैलीत चौदापर्यंत काठ्या चालतात म्हणे. यानं एकच आणली, सात नंबरची आयर्न, आणि सोबत सहा चेंडू. सेलूच्या पुढं आमचं हरभरा काढलेलं रान मोकळंच होतं. ऊन कललं की आम्ही दोघं तिकडं.

चेंडू लिंबाएवढा. वजन 46 ग्रॅमच्या आत, व्यास जेमतेम 43 मिलिमीटर, अंगभर देवीच्या वणांसारखे खळगे. एवढ्याशाला मारायला काय लागतंय, म्हणत मी काठी उगारली. वारा चांगला सुटला, चेंडू मात्र जागेवरच.

"काका, मान वर करताय तुम्ही."

हे काही मला पटलं नाही. मान एकटी कशाला वर जाईल? अख्खं धडच उचललं जातं, मान बिचारी त्याच्यासोबत जाते. पण तो शिकवणारा आणि मी शिकणारा, म्हणून गप्प बसलो.

मग त्यानं माझी मूठ सोडवली. मी काठी कुऱ्हाडीसारखी आवळली होती, त्यामुळं मनगटं लाकूड झालेली. खरं तर नुसती मूठ नव्हे, माझा सगळा फटकाच कुऱ्हाडीचा. बाभळीचं खोड फोडायचं तर खांद्यावरून, बाहेरून आत, तिरपा घाव घालावा लागतो. इथं तसा घातला आणि काठीचं चेंडूला लागणारं तोंड उजवीकडं उघडं राहिलं, की चेंडूला आडवी फिरकी बसते आणि तो सरळ निघून मध्येच उजवीकडं वळतो. माझे तीन चेंडू शेजाऱ्याच्या बांधाकडं गेले ते असे. शेजारचे आबा बांधावरच तंबाखू मळत बसलेले. एक अगदी त्यांच्या धोतराजवळून गेला, तर त्यांनी नुसतं धोतर आवरून घेतलं.

चौथ्या चेंडूला मी ठरवलं, आता याला वर उचलायचाच. वजन मागच्या पायावर घेतलं, मनगट खालून वर झटकलं. काठी चेंडूच्या वीतभर आधीच ढेकळात रुतली.

"मास्तर," आबा बांधावरून म्हणाले, "कोलायलात का मारायलात?"

पुतण्या तासभर इंग्रजीत जे सांगत होता ते आबांनी एका शब्दात सांगितलं. मी विटी कोलत होतो! गल्लीवर, म्हणजे जमिनीतल्या खळीवर, विटी आडवी ठेवून ती दांडूनं उडवायची, हे हाताला वयाच्या सातव्या वर्षापासून माहीत. आणि या आयर्नचं तोंड मुळातच तीसेक अंश मागं कललेलं. चेंडू उचलायचं काम तिचं, आपलं नाही. आपण वजन पुढच्या पायावर आणत खाली मारायचं, आधी चेंडू, मग माती.

"आणि कंबर फिरवा," पुतण्या म्हणाला. माझ्या कमरेची एक्स-रेची पाकिटं त्यानं पाहिलेली नाहीत.

तरी पाचवा लागला. ठक् असा कोरडा आवाज, हाताला काहीच जाणवलं नाही, आणि चेंडू आभाळात. आम्ही दोघं बघत राहिलो, म्हणजे मान वर करून. कुठं पडला ते कळलंच नाही. वैशाखात आमच्या काळ्या रानाला हात जाईल अशा भेगा पडतात. शोधून दोनच चेंडू मिळाले, तेही आबांनीच दिले.

आता मिरगात पाऊस झाला की भेगा बुजतील. सोयाबीन पेरताना एखादा चेंडू वर आला तर ट्रॅक्टरवाल्याला काय सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही.