भिंतीपासून दहा मिलिमीटर : आमची वाटचाल

कोल्हापुरातल्या आमच्या दुकानात लाकडासारख्या दिसणाऱ्या फरशीच्या फळ्या घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पहिल्यांदा रंग बघतं. सागवानी, अक्रोडी, की हल्ली खपणारा राखाडी. आम्ही मात्र आधी विचारतो, आत्ता खाली काय आहे? शहाबादी, मोझॅक, व्हिट्रिफाइड, की नुसता कोबा? खोली तळमजल्यावर की वर? बाथरूमचं दार त्याच खोलीत उघडतं का? धंद्याच्या सुरुवातीला हे प्रश्न आम्ही विचारत नव्हतो. आज उत्तरं मिळाल्याशिवाय बॉक्स गाडीत चढत नाही. क्लिकच्या, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या फळ्यांच्या कामात जे बिघडतं ते बहुतेक वेळा फळीच्या खाली आणि भिंतीच्या कडेला बिघडतं.

लॅमिनेटची फरशी १९७०च्या दशकाच्या शेवटी स्वीडनमध्ये निघाली, तेव्हा ती गोंद लावून जोडत. १९९०च्या दशकात स्वीडन आणि बेल्जियममधल्या कंपन्यांनी गोंदाशिवाय एकमेकांत अडकणारं लॉक आणलं आणि हे काम घरमालकाच्या आवाक्यात आलं. आमच्या धंद्याचा पाया हाच. आधी आम्ही फक्त बसवून देत होतो. आता ज्यांना स्वतः बसवायचं आहे त्यांना माल, हत्यारं आणि मोजमाप असं तिन्ही देतो.

माल दोन प्रकारचा. लॅमिनेट म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला घट्ट बोर्ड, त्यावर लाकडाचं छापील चित्र आणि सगळ्यात वर झिजेला टिकणारा पारदर्शक थर. जाडी ८ किंवा १२ मिमी. बॉक्सवर एसी३, एसी४ असं लिहिलेलं असतं, तो आकडा फक्त वरच्या थराच्या झिजेचा. घराला एसी३ पुरतं, दुकानाला किंवा क्लासच्या खोलीला एसी४ घ्यावं. पाण्याचा त्या आकड्याशी काही संबंध नाही, आणि हा गैरसमज आम्हाला दर आठवड्याला दूर करावा लागतो. एसी५ घेतलं तरी सांध्यातून पाणी आत गेलं की बोर्ड फुगणारच, आणि एकदा फुगलेली कड वाळल्यावरही खाली बसत नाही. दुसरा प्रकार एसपीसी. चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी यांची, ४ ते ६ मिमी जाडीची फळी. ही पाण्याने फुगत नाही, वाळवी तिला खात नाही. पण उन्हाने वाढते, आणि खालचा खड्डा सहन करत नाही. पश्चिमेला मोठी काच असलेल्या हॉलमध्ये एसपीसी लावणार असाल तर पडदा हवाच.

दोन्ही प्रकार जमिनीला चिकटवायचे नसतात, खिळायचे नसतात. सगळ्या फळ्या मिळून एक मोठी चटई होते आणि ती जमिनीवर नुसती पडून असते. कोल्हापूरच्या हवेत हे नीट समजून घेतलं पाहिजे. एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी, तेव्हा लॅमिनेट आकसलेलं असतं. भिंतीपाशी सोडलेली फट बघून घरचे म्हणतात, एवढी कशाला, जरा दाबून घ्या की. मग मृग लागतो, आषाढात दोन-दोन आठवडे कपडे वाळत नाहीत, आणि बोर्ड हवेतलं पाणी ओढून पसरतो. पसरायला जागा नसली की चटई मधूनच वर उठते. पाय दिला की दबते, उचलला की टुणकन वर येते. मीटरमागे दीड मिमी धरा. १५ फुटी खोली म्हणजे साधारण साडेचार मीटर, तिला प्रत्येक बाजूला सात मिमी लागतात. आम्ही सरसकट १० मिमी सोडतो, चारही भिंतींना, चौकटीला, खांबाला, पाइपला. एसपीसीलासुद्धा.

बॉक्स घरात आणले की ज्या खोलीत बसवायचे तिथेच ४८ तास आडवे ठेवा, उभे नाही. गॅलरीत नको, माळ्यावर नको.

आता जमीन. आमचा निम्मा वेळ इथेच जातो, आणि तुमचाही गेला पाहिजे. दोन मीटरची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी जमिनीवर आडवी, उभी, तिरकी फिरवा. ३ मिमीचा ड्रिल बिट पट्टीखालून सहज सरकला तर तिथे खड्डा आहे, खडूने गोल करा. उंचवटा ग्राइंडरने घासा, खड्डा लेव्हलिंग कंपाउंडने भरा. गुळगुळीत टाइलवर भरायचं असेल तर आधी ती खरवडून प्रायमर मारा. पांढऱ्या सिमेंटचा पातळ हात मारून काम उरकायची आपल्याकडे पद्धत आहे. तो थर टाइलला धरत नाही, महिन्याभरात त्याची भुकटी होते आणि चालताना फळीखाली वाळू कुरकुरल्यासारखा आवाज येतो. फोमचे दोन थर टाकून खड्डा झाकणं तर त्याहून वाईट. फळी मऊ जागी खाली जाते, प्रत्येक पावलाला लॉक वाकतं, आणि काही महिन्यांत त्याची जीभ, म्हणजे शेजारच्या फळीच्या खाचेत जाणारी कड, तुटते. चालताना एकाच जागी ‘कट्’ असा आवाज यायला लागला की समजा, सुरुवात झाली. जुनी फरशी हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. जी बद्द वाजते ती काढून पुन्हा बसवा.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत शहाबादीखाली थेट माती असते. तिथे ओल बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने बंद करून २४ तास ठेवा. खालून थेंब धरले किंवा फरशी काळपट झाली तर लॅमिनेटचा नाद सोडा. नवीन कोब्याला जाडीच्या प्रत्येक इंचाला एक महिना वाळायला द्या. वाळवीचं वारूळ किंवा मातीची रेघ भिंतीकडेला दिसली तर आधी औषध मारून घ्या. एसपीसी वाळवी खात नसली तरी तिच्या खालून ती चौकटीपर्यंत पोहोचते. जुन्या वाड्याच्या माडीवर लाकडी तक्ते असतील आणि ते चालताना दबत असतील तर आधी सुताराला बोलवा. हलत्या तक्त्यांवर क्लिक टिकत नाही.

जमीन झाली की तळमजल्यावर २०० मायक्रॉनचं प्लास्टिक अंथरा. दोन पट्ट्या एकमेकांवर आठ इंच चढवून टेप मारा, भिंतीवर दोन इंच वर वळवा. त्यावर लॅमिनेटसाठी २ किंवा ३ मिमी फोम, कडेला कड लावून, एकमेकांवर चढवायचा नाही. एसपीसीच्या पाठीला फोम चिकटलेलाच असेल तर दुसरा टाकू नका.

मालाचा हिशेब सोपा आहे. १० बाय १२ ची खोली म्हणजे १२० चौरस फूट, त्यात कापाकापीचे दहा टक्के धरून १३२. फळी १२१५ बाय १९५ मिमीची आणि बॉक्समध्ये आठ असतील तर एका बॉक्सला २०.४ चौरस फूट मिळतात, म्हणजे सात बॉक्स. खोली गुण्यात, म्हणजे कोपरे काटकोनात, नसेल तर दहाऐवजी पंधरा टक्के धरा. ती गुण्यात आहे का ते कोपऱ्यातून ३ आणि ४ फूट मोजून बघता येतं. तिरकं अंतर ५ फूट यायला हवं.

पहिली फळी ठेवायच्या आधी शेवटची ओळ किती रुंद येते ते मोजा. समजा रुंदी ९ फूट ९ इंच, म्हणजे २९७२ मिमी. दोन्हीकडची फट वजा करून २९५२. पंधरा ओळी २९२५ खातात आणि उरतात २७ मिमी. एवढी बारीक चिंधी लॉकमध्ये बसत नाही आणि बसली तरी राहत नाही. म्हणून पहिली ओळच कापून घ्यायची: १९५ आणि २७ मिळून २२२, त्याचं निम्मं १११. पहिली आणि शेवटची ओळ १११ मिमीची, मध्ये चौदा पूर्ण. शेवटची ओळ ५० मिमीच्या खाली कधीच येऊ देऊ नका.

फळीची लांबी शक्यतो खिडकीतून येणाऱ्या उजेडाच्या दिशेने धरा. पहिल्या ओळीची भिंतीकडची जीभ (टंग) कापून टाका, फट राखायला भिंतीला स्पेसर लावा. आम्ही १० मिमी प्लायचे तुकडे कापून देतो, तेवढे पुरतात. जुन्या घरात भिंत पोटात गेलेली किंवा फुगलेली असते; तेव्हा फळी भिंतीला टेकवून पेन्सिलीने भिंतीचा आकार तिच्यावर उतरवा आणि त्या रेघेवर कापा. पहिल्या दोन ओळी दोरी धरल्यासारख्या सरळ आल्या पाहिजेत, कारण इथला दोन मिमीचा बाक दहाव्या ओळीला उघड्या सांध्यात दिसतो.

फळी २० ते ३० अंशांत तिरकी धरून खाचेत घाला, हलकेच पुढे दाबत खाली टेकवा. बसली की बोट सांध्यावरून फिरवा. नखाला कड लागली तर उचला, खाचेतला भुसा ब्रशने झाडा, पुन्हा बसवा. ठोकून बसवायचा मोह टाळा. हातोडी मारायचीच तर फळीच्या कडेला लावायच्या ठोकळ्यावर (टॅपिंग ब्लॉक), आणि तीही टकटक. फळीच्या कडेवर थेट मारलेला एक ठोका वरचा थर उडवतो आणि तो पांढरा टवका कायम डोळ्यात भरतो. आडवे, म्हणजे फळीच्या टोकाचे, सांधे लगतच्या ओळींत किमान १२ इंच मागेपुढे हवेत. ओळ संपताना उरलेला तुकडा १२ इंचांपेक्षा मोठा असेल तर त्यानेच पुढची ओळ सुरू करा. माल वाचतो आणि सांधे आपोआप विखुरतात.

कापताना हातकरवत वापरत असाल तर चित्राची बाजू वर, जिगसॉ किंवा हातात धरायची गोल पात्याची मशीन असेल तर खाली. कारण करवत खाली जाताना कापते आणि मशीनचं पातं वर येताना. टवके नेहमी पातं बाहेर पडतं त्या बाजूला उडतात. एसपीसीला कटरने दोन-तीनदा खोल रेघ मारून फळी वाकवली की ती मोडते, घरात धूळही होत नाही.

शेवटच्या ओळीला ब्लॉक मावत नाही, तिथे पुल बार, म्हणजे फळी ओढून बसवायची वाकवलेली पट्टी, लागते. बाजारातले पातळ बार चार ठोक्यांत वाकतात, म्हणून आम्ही उद्यमनगरातून ५ मिमीच्या फ्लॅट पट्टीचे वाकवून घेतले आणि तळाला नमदा चिकटवला, म्हणजे फळीवर ओरखडा येत नाही. आम्ही भाड्याने देतो त्या पेटीत हा बार, ब्लॉक, रबरी हातोडा, चाळीस स्पेसर, गुण्या आणि दोन मीटरची पट्टी असते. दोघांनी मिळून, जमीन तयार असेल तर, १० बाय १२ ची खोली एका दिवसात होते.

दारापाशी घाई नको. फळी चौकटीच्या आकाराची कोरून बसवण्यापेक्षा चौकटीचा पाय खालून कापणं बरं. फळीचा तुकडा उलटा करून फोमवर ठेवा, त्यावर करवत आडवी टेकवून कापा, बरोबर तेवढीच उंची निघते आणि फळी चौकटीखाली सरकते. सागवानी चौकटीला करवत लावायला घरचे तयार नसतात, ते आम्ही समजू शकतो. मग तिथे फट सोडून त्याच रंगाच्या सीलंटने भरा. लॅमिनेट आणि फोम मिळून जमीन १० ते १५ मिमीने वर येते, तेव्हा दार घासणार का आणि खालची कडी कुठे बसणार हे आधीच बघा. कडीसाठी फळीला पाडलेलं भोक कडीच्या दांड्यापेक्षा मोठं हवं, नाहीतर दार लावल्यावर तीच कडी फळीला खिळ्यासारखी धरून ठेवते. दाराचा मॅग्नेट स्टॉपरही असाच. एक स्क्रू फळीतून खालच्या फरशीत गेला की चटई तिथे अडकते आणि पावसाळ्यात समोरच्या भिंतीपाशी उठते. स्टॉपर भिंतीला लावा. वॉर्डरोब, किचन ट्रॉली फळ्यांवर उभारू नका, फळ्या त्यांच्यापर्यंत आणून थांबवा. दोन खोल्यांच्या मध्ये दारात टी-पट्टी (दोन्हीकडच्या फळ्यांमधली फट झाकणारी पट्टी) द्या, आणि सलग लांबी आठ मीटरच्या वर जात असेल तर मध्येही द्या. स्कर्टिंग भिंतीला ठोकायचं, फळीला नाही.

लॅमिनेट बसवलेल्या घरात बादली ओतून फरशी धुता येत नाही, हे दिवाळीच्या साफसफाईआधीच घरात सगळ्यांना आणि कामाच्या मावशींना सांगा. फडकं घट्ट पिळून, थेंब न गळणारं. देवघरासमोर, मोरीपाशी आणि स्वयंपाकघरात आम्ही लॅमिनेट देतच नाही.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर आमच्या कामात आणखी एक नियम आला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. त्यापुढे ज्या घरात पाणी शिरतं त्या घराच्या तळमजल्यावर फक्त एसपीसी, तीही सुटी करता येईल अशी. पाणी ओसरल्यावर फळी चांगली असते, पण तिच्याखाली गाळ असतो, आणि तो तसाच ठेवला की महिनाभर वास जात नाही. फळ्या उलट्या क्रमाने काढा, शेवटच्या ओळीपासून. पूर्ण ओळ तिरकी उचलून मोकळी करा, मग आडवे सांधे जमिनीवरच बाजूला सरकवून सोडवा. हल्लीच्या बहुतेक लॉकमध्ये ते वर वाकवले तर ओठ तुटतो. काढताना पाठीवर मार्करने ओळ आणि क्रमांक लिहा. धुवा, सावलीत वाळवा, जमिनीची प्लास्टिकची चाचणी पुन्हा घ्या, मगच बसवा. सुटा फोम असेल तर टाकून द्या.

काम संपल्यावर उरलेल्या चार-पाच फळ्या परत आणून देऊ नका. कपाटामागे उभ्या न करता पलंगाखाली सपाट ठेवा आणि बॉक्सवरचं लेबल कापून सोबत ठेवा. पाच वर्षांनी एखादी फळी बदलायची वेळ आली की रंग जुळणारी दुसरी मिळेलही, पण एका कंपनीचं लॉक दुसरीच्या लॉकमध्ये बसत नाही.