मॉड टाकल्यावर जुना गेम बंद का पडतो

‘मीडीव्हल टू: टोटल वॉर’ हा २००६ सालचा गेम असून त्याचा ‘किंग्डम्स’ हा विस्तार २००७ साली आला. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात गावोगावची मुले आजही तो खेळतात, कारण कोणाच्या तरी हातून आलेल्या जुन्या लॅपटॉपवरही तो चालतो आणि मॉड, म्हणजे चाहत्यांनी गेमच्या फाइली बदलून केलेली भर, टाकला की तोच गेम पुन्हा नवा वाटू लागतो. अडचणीही तिथूनच सुरू होतात. मोहीम ऐन रंगात आलेली असते, आपली खेळी संपवण्याचा ‘एंड टर्न’ दाबला जातो आणि गेम एका शब्दाचाही खुलासा न करता डेस्कटॉपवर आणून सोडतो. मग दिग्रसहून आतेभावाचा फोन येतो, “दादा, मॉडच खराब हाय. पुन्हा टाकून पायला, तरी बंदच पडते.” मॉड खराब नसतोच असे मी म्हणणार नाही, परंतु माझ्याकडे आलेल्या बहुतेक तक्रारींत दोष मॉडच्या बाहेर सापडला आहे आणि गेम काढून पुन्हा टाकल्याने तो क्वचितच दूर झाला आहे.

सर्वांत आधी हे ठरवावे, की गेम बंद पडला की लॅपटॉपच बंद पडला. एप्रिल-मे महिन्यांत इकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, पंख्याच्या जाळीत वर्षभराची धूळ साचलेली असते आणि तापलेला लॅपटॉप स्वतःला वाचवण्यासाठी आपण होऊन बंद होतो. बॅटरी निकामी झालेली असेल, तर लाइन गेल्यावरही तेच घडते. विंडोज घडामोडींची नोंद जिथे ठेवते त्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये याची नोंद सापडते. यंत्र अचानक बंद झाले असेल, तर पुढच्या वेळी सुरू होताना ‘कर्नल-पॉवर’ या नावाखाली ४१ क्रमांकाची नोंद होते. केवळ गेम कोसळला असेल, तर बहुधा ‘ॲप्लिकेशन एरर’ या नावाखाली १००० क्रमांक आणि गेमच्या एक्झी फाइलचे, म्हणजे ज्या फाइलवरून गेम सुरू होतो तिचे, नाव दिसते. ४१ दिसत असेल, तर मॉडला हात लावण्याचे कारण नाही. जाळी साफ करावी आणि लॅपटॉप गादीवरून उचलून टेबलावर ठेवावा. तो कूलरच्या थेट झोतासमोर ठेवण्याचा लोकप्रिय उपाय मात्र करू नये, कारण त्या हवेतला ओलावा यंत्राला मानवत नाही.

दुसरे कारण हॉटस्पॉटचे. कित्येक जीबींचा मॉड मोबाइलच्या डेटावर थोडाथोडा करून उतरवला जातो, मध्येच रेंज जाते आणि एखादा भाग अर्धवट राहतो. फाइल मोकळी करण्यापूर्वी सेव्हन-झिप या आवळलेल्या फाइली उघडणाऱ्या प्रोग्राममधले ‘टेस्ट’ हे बटण दाबले, तर खराब भाग तिथेच उघडा पडतो आणि तेवढाच पुन्हा उतरवून भागते.

गेम कोठे बसवला आहे, हेही पाहावे लागते. ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये लिहिण्यावर विंडोज व्हिस्टापासून निर्बंध आहेत. जुना गेम तिथे काही लिहू पाहतो, तेव्हा विंडोज त्याला अडवते किंवा ती फाइल गुपचूप ‘व्हर्च्युअल स्टोअर’ नावाच्या दुसऱ्याच फोल्डरमध्ये वळवते. मोहिमेच्या नकाशापासून गेम स्वतः तयार करतो ती ‘मॅप.आरडब्ल्यूएम’ ही फाइल याचे उत्तम उदाहरण आहे: मॉडचा नकाशा बदलला, की जुनी फाइल पुसावी लागते, म्हणजे गेम ती नव्याने बनवतो, पण लिहिण्याची परवानगीच नसेल, तर तो बनवणार कशी? म्हणून गेम डी ड्राइव्हवर, साध्या नावाच्या फोल्डरमध्ये बसवावा.

आता मेमरीचा मुद्दा, ज्यावर सर्वाधिक गैरसमज आहे. “माझ्याकडे आठ जीबी रॅम आहे, मग मेमरी कमी कशी पडेल?” असे मला हमखास विचारले जाते. हा गेम ३२ बिटचा आहे आणि अशा प्रोग्रामला विंडोज मुळात २ जीबीपेक्षा अधिक मेमरी वापरू देत नाही. लॅपटॉपमध्ये आठ जीबी असोत वा सोळा, त्याने यात फरक पडत नाही. मूळ गेम तेवढ्यात भागवतो. मोठे मॉड मात्र नवे सैनिक, नवी वस्त्रे, नवे नकाशे घेऊन येतात आणि मोठ्या लढाईत ती मर्यादा ओलांडली जाते. एक्झी फाइलच्या शीर्षभागात ‘लार्ज ॲड्रेस अवेअर’ नावाची एक खूण असते. ती चालू केली, की ६४ बिट विंडोजवर त्याच प्रोग्रामला ४ जीबीपर्यंत वाव मिळतो. ‘फोर जीबी पॅच’ हे छोटे साधन तेवढेच काम करते. मॉड ज्या एक्झी फाइलवरून सुरू होतो, तिलाच तो लावावा, आधी मूळ फाइलची प्रत ठेवावी आणि गेम जिथून घेतला त्या स्टीम या दुकानाच्या प्रोग्राममधून फाइलींची पडताळणी केली असेल, तर ही खूण पुसली गेली नाही ना, हे पाहावे.

एवढे करूनही गेम कोसळत असेल, तर लॉग, म्हणजे गेम स्वतः लिहीत जातो ती नोंदींची फाइल, वाचण्यावाचून गत्यंतर नाही. मॉडच्या सीएफजी (सेटिंगच्या) फाइलमध्ये ‘लॉग’ हा विभाग असतो. त्यात ‘लेव्हल’पुढे ‘* एरर’ऐवजी ‘* ट्रेस’ लिहिले, की गेम काय काय वाचत गेला हे सविस्तर नोंदले जाते. आतेभावाने एका मॉडमधली पलटण दुसऱ्या मॉडच्या युनिटांच्या फाइलमध्ये चिकटवली होती, त्यानंतर मुख्य मेनूच उघडेना. लॉगमध्ये ‘स्क्रिप्ट एरर’ अशी सुरुवात असलेल्या ओळीत फाइलचे नाव, ओळ आणि स्तंभ यांचे क्रमांक स्पष्ट दिलेले होते. नोटपॅडमध्ये त्या ओळीवर गेल्यावर दोन आकड्यांमधला एक स्वल्पविराम गळालेला आढळला. लॉगची अगदी शेवटची ओळ हीच नेहमी गुन्हेगार असते असे मात्र नाही. गेमने नीट वाचलेली शेवटची गोष्टही तिथे असू शकते, म्हणून ‘एरर’ हा शब्द शोधत खालून वर यावे.

काही मर्यादा गेमच्या गाभ्यातच आहेत: ५०० प्रकारची युनिटे आणि बंडखोर धरून ३१ सत्ता. उपमॉड (मॉडवर टाकलेले छोटे मॉड) एकावर एक चढवत गेले, की या मर्यादा नकळत गाठल्या जातात. अशा वेळी निम्मे उपमॉड काढून पाहावेत, आणि ज्या निम्म्यात दोष राहील त्याचे पुन्हा दोन भाग करावेत.

मोहीम दर वेळी त्याच टर्नला पडते की कधीही, कुठेही, हे तपासून पाहावे. त्याच टर्नला पडत असेल, तर संशय स्क्रिप्टवर (मोहिमेतल्या घटना घडवणाऱ्या सूचनांवर) किंवा माहितीच्या फाइलवर घ्यावा; वेळ ठरलेली नसेल, तर मेमरी व उष्णता यांच्याकडे परत जावे. मोहीम चालू असताना मॉडची आवृत्ती बदलली असेल, तर मात्र या तपासाला अर्थ उरत नाही, कारण जुना सेव्ह नव्या फाइलींशी जुळेलच याची खात्री नसते. तेव्हा मोहीम नव्याने सुरू करून मगच दोष शोधावा.