क्योतोत नेरिकिरी, उजीत माच्चा

क्योतोत वागाशी, म्हणजे पारंपरिक जपानी मिठाई, शिकवणारे वर्ग बरेच आहेत. पहिल्यांदा करणाऱ्याला मी जुन्या मिठाईवाल्यांच्या दुकानातलाच वर्ग सुचवेन. तिथे शिकवणारा माणूस रोज हेच विकायला करत असतो, त्यामुळे तुमचा गोळा कुठे बिघडला हे तो लांबूनच ओळखतो. कानशुन्दो हे १८६५ सालचं दुकान. त्याची पूर्वेकडची शाखा तोयोकुनी देवळाच्या परिसरात आहे. देऊळ तोयोतोमी हिदेयोशीचं, म्हणजे ज्याने चहाचा महागुरू सेन नो रिक्यू याला १५९१ मध्ये पोट चिरून मरायचा हुकूम दिला तोच. चहाबरोबरची मिठाई शिकायला त्याच्या अंगणापाशी जावं लागतं, ही गंमत क्योतोतच होऊ शकते. वर्ग साधारण सव्वा तासाचा असतो, आगाऊ नोंदणी लागते आणि शेवटी आपण केलेली एक मिठाई माच्चाबरोबर, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीच्या घुसळलेल्या चहाबरोबर, तिथेच खायची असते.

वर्गात नेरिकिरीचं, म्हणजे हाताने फुलांसारखे आकार द्यायच्या मऊ मिठाईचं, पीठ तयार मिळतं, त्यामुळे खरं काम काय असतं ते कळत नाही. ते आधी समजून गेलात तर हातातल्या गोळ्याचं वागणं उमगतं.

नेरिकिरीचा पाया शिरोआन, म्हणजे पांढऱ्या घेवड्याचं गोड सारण. आपल्या पुरणाशी त्याचं नातं सख्ख्या भावंडाचं आहे: शिजवायचं, वाटायचं, साखर घालून आटवायचं. फरक मधल्या टप्प्यात आहे. ३०० ग्रॅम कोरडा घेवडा रात्रभर भिजवून उकळतात आणि पहिलं पाणी फेकून देतात, नाहीतर तुरट वास राहतो. मऊ शिजल्यावर सालं काढून बारीक चाळणीतून घासतात. मग तो लगदा भरपूर पाण्यात ढवळून तळाशी बसू देतात आणि वरचं गढूळ पाणी ओततात. वरचं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे दोन-तीनदा करतात आणि शेवटी कापडात घट्ट पिळतात. हे धुणं टाळलं की सारण चिकट होतं, त्याला कडधान्याचा वास येतो आणि रंगही पिवळट राहतो. ३०० ग्रॅम घेवड्यातून साधारण ५०० ग्रॅम पिळलेला लगदा निघतो, त्याला ३०० ग्रॅम साखर. आटवताना उलथण्याने उचलून टाकलेलं सारण डोंगरासारखं उभं राहिलं की गॅस बंद. महाराष्ट्रात करून पाहायचं तर पांढरा राजमा चालतो. डबल बी अधिक चांगली, कारण तिची सालं सहज सुटतात.

नुसतं शिरोआन आकार धरत नाही, त्याला ताण द्यायला ग्यूही लागते. ३०० ग्रॅम शिरोआनला १० ग्रॅम चिकट तांदळाचं पीठ, २० मिली पाणी आणि २० ग्रॅम साखर. पीठ आधी पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचं, मग साखर घालून मंद आचेवर अर्धपारदर्शक, लवचीक होईपर्यंत घोटायचं. हे पीठ मोची-तांदळाचंच हवं. मोदकाच्या पिठीने ती लवचीकता येत नाही, आंबेमोहोर कितीही मऊ असला तरी.

ग्यूही मिसळण्याआधी शिरोआन पुन्हा कोरडं करावं लागतं. मायक्रोवेव्हमध्ये वर कागदी रुमाल टाकून दोन-दोन मिनिटं तापवायचं आणि प्रत्येक वेळी ढवळून वाफ जाऊ द्यायची. उकडलेल्या बटाट्यासारखं भुरभुरीत दिसायला लागलं आणि हाताच्या पाठीला लावल्यावर चिकटलं नाही की झालं. मग गरम ग्यूही घालून मळायचं, ओल्या कापडावर लहान-लहान तुकडे तोडून टाकायचे, वाफ गेली की गोळा करून परत मळायचं आणि परत तोडायचं, असं तीन वेळा. घाईत हा भाग सगळे उरकतात. पण पिठाला पांढरेपणा आणि गुळगुळीतपणा याच तोडण्या-मळण्यातून येतो. गरम गोळा तसाच झाकून ठेवला की आतली वाफ परत पाणी होते आणि पीठ हाताला चिकटायला लागतं.

क्योतोत एक गोष्ट लक्षात ठेवा. इथल्या पुष्कळ दुकानांत नेरिकिरीऐवजी कोनाशी वापरतात: शिरोआनमध्ये गव्हाचं पीठ मिसळून वाफवलेलं आणि मग मळलेलं. ते थोडं घट्ट, तोंडात कमी विरघळणारं. दिसायला फरक कळत नाही, त्यामुळे गहू चालत नसेल तर आधी विचारा.

आता हातातलं काम. बाहेरची पारी २५ ग्रॅम, आतलं सारण १५ ग्रॅम. सारण बहुधा अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं, गोल वळलेलं. पारी तळहातावर चपटी करायची, मधे जाड आणि कडांना किंचित पातळ. सारण मधे ठेवून डाव्या हाताच्या बोटांनी गोळा फिरवत उजव्या हाताने पारी वर-वर सरकवायची. मोदकाची सवय असलेल्यांचा अंगठा इथे आपोआप आत दाबायला जातो. तो आवरा, कारण इथे कळ्या नकोत, सगळीकडे सारखी जाडी हवी. तोंड मिटल्यावर ती बाजू खाली. पारी एका बाजूला पातळ झाली तर लाल सारण डागासारखं बाहेर दिसतं आणि ते मागाहून लपवता येत नाही.

फिकट होत जाणारा रंग, ज्याला बोकाशी म्हणतात, दोन रंग वर-खाली ठेवून येतो. गुलाबी पारीच्या आतल्या बाजूला खोलगट जागा करून पांढरा लहान गोळा बसवतात आणि कडा बोटाने दाबून एकमेकांत मिसळतात. सारण भरून वळल्यावर बाहेरचा रंग जिथे पातळ होतो तिथून आतला दिसू लागतो. बाहेरचा थर जाड राहिला तर मधला रंग दिसतच नाही, आणि कड मिसळली नाही तर सीमारेषा कापल्यासारखी दिसते. खायचा रंग टूथपिकच्या टोकावर जेवढा येतो तेवढाच घ्यायचा. थोडं पीठ गडद रंगवून ते बाकीच्यात मिसळायचं, थेट सगळ्या पिठात रंग टाकायचा नाही.

रेषा काढायचं हत्यार सानकाकुबेरा, लाकडाची तीन धारांची काठी. एक धार तीक्ष्ण, एक बोथट, तिसरीवर खाच, त्यामुळे एका दाबात जोडरेषा उमटते. हत्यार स्थिर धरून गोळा फिरवायचा. हात फिरवलात की रेषा वाकडी झालीच. पाच पाकळ्यांचं फूल, म्हणजे उमे किंवा साकुरा, सोळा पाकळ्यांपेक्षा अवघड आहे, कारण समोरासमोर रेषा येत नाहीत. घड्याळाचा विचार करा: पहिली रेषा बारावर, पुढच्या दोन पाचच्या जरा अलीकडे आणि सातच्या जरा पुढे, उरलेल्या दोन मधल्या मोकळ्या जागांत. सहाच्या जागी रेषा पडली की फूल गेलं.

बहुतेक चुका शेवटी ओलाव्याच्याच निघतात. गोळ्याच्या कडेला भेगा पडल्या तर पीठ कोरडं आहे किंवा तुम्ही ते हातात फार वेळ घोळवलंय. तळहाताची ऊब पाणी खाते. रेषा काढल्यावर कडा परत मिटल्या तर पीठ ओलं आहे. भेगांवर उपाय पाणी शिंपडणं नाही. ओलं करून घट्ट पिळलेलं कापड शेजारी ठेवायचं, त्यावर बोटं टेकवायची आणि मगच गोळ्याला हात लावायचा. उरलेलं पीठही त्याच कापडाखाली.

किन्तोन हा प्रकार वर्गात असेल तर तो सोडू नका. पीठ चाळणीतून दाबून शेवया पाडतात आणि टोकदार काड्यांनी सारणाच्या गोळ्याभोवती लावतात, खालून वर. काडीने ढकललं तर शेवया चेपतात. फक्त टोचून टेकवायच्या.

कोरडी मिठाई, हिगाशी, लवकर होते. शिकोकूतल्या कागावा आणि तोकुशिमा भागातली वासानबोन साखर अगदी थोड्या पाण्याने ओलसर करतात, चाळतात आणि कोरीव लाकडी साच्यात दाबतात. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटाने ढकलल्यावर तो फुटावा, इतपतच ओल. जास्त झाली तर साच्याच्या कोपऱ्यांत चिकटून फुलाच्या पाकळ्या तिथेच राहतात.

शाकाहारी लोकांना वागाशी बहुतांशी निर्धास्त खाता येते. जेलीसारखी दिसणारी योकान समुद्री शेवाळाच्या कानतेनने घट्ट करतात. काही प्रकारांत मात्र अंडं असतं, आणि नेरिकिरीत कुठे-कुठे ग्यूहीऐवजी कोनफळाच्या जातीचा जपानी कंद घालतात. जैन मंडळींनी तेवढं विचारून घ्यावं.

चहासाठी मी उजीला जाईन. क्योतो स्थानकातून जेआर रेल्वेच्या नारा मार्गावर अर्ध्या तासाच्या आत. नदीकाठी ताइहोआन हे नगरपालिकेचं चहागृह आहे, तिकीट शेजारच्या पर्यटन केंद्रात मिळतं. वेगवेगळ्या घराण्यांचे शिक्षक तिथे आळीपाळीने चहा करतात, त्यामुळे पद्धत दिवसागणिक बदलते. उरासेन्के घराण्यात चहावर पूर्ण फेस असतो, ओमोतेसेन्केत तो कमी, मधे हिरवा चहा दिसतो. कमी फेस पाहून चहा बिघडला असं समजू नका.

आत जाताना घड्याळ, अंगठ्या, बांगड्या काढून ठेवा, कारण चावान, म्हणजे चहाचा वाडगा, दोन्ही हातांत धरायचा असतो आणि तो ओरखडला तर भरपाई कठीण. अत्तर नको, पायांत स्वच्छ मोजे हवेत. बसायचं वज्रासनात. रोज योगासनं करणाऱ्यांचेही पाय तातामीच्या चटईवर वीस मिनिटांत बधिर होतात, म्हणून उठायच्या आधी पायाची बोटं दुमडून क्षणभर टाचांवर बसा आणि मगच उभे राहा.

मिठाई आधी येते. ती काइशी कागदावर घेऊन कुरोमोजीच्या काडीने तीन-चार तुकडे करून पूर्ण संपवायची. चहाबरोबर एक घोट, एक घास असं करायचं नाही. गोडी तोंडात राहिलेली असतानाच कडू चहा यायला हवा, नेरिकिरी इतकी गोड असते ती त्याच हिशोबाने. एकटी खाल्ली तर ती मलाही जड वाटते. वाडगा समोर आला की शेजारच्या पाहुण्याला ‘ओसाकी नि’ म्हणायचं, यजमानाला ‘ओतेमाए चोदाई इताशिमास’. मग वाडगा डाव्या तळहातावर घेऊन, नक्षीची बाजू तोंडाशी येऊ नये म्हणून तो उजव्या हाताने घड्याळाच्या दिशेने दोनदा थोडा फिरवायचा. शेवटचा घोट आवाज करून ओढायचा. तो आवाजच यजमानाला संपल्याचं सांगतो.

स्वतः घुसळायचं असेल तर माप हे: २ ग्रॅम माच्चा, म्हणजे बांबूच्या चाशाकुचे सुमारे दोन चमचे, आणि ७० मिली पाणी ८० अंशांचं. पावडर आधी चाळा, नाहीतर गुठळ्या घुसळून कधीच मोडत नाहीत. चासेन, म्हणजे घुसळायची बांबूची रवी, गरम पाण्यात बुडवून मऊ करा, कोरड्या काड्या तुटतात. वाडगाही गरम करून पुसा. मनगटातून पुढे-मागे भरभर हलवायचं, गोल नाही, आणि तळाला घासायचं नाही. वीस सेकंदांत बारीक फेस येतो. मग हात मंद करून वरचे मोठे बुडबुडे मोडा आणि चासेन मधूनच उचला. उकळतं पाणी घातलं तर चहा कडूजहर, कोमट घातलं तर फेस धरत नाही.

मे ते ऑक्टोबर पाण्याचं भांडं उचलत्या शेगडीवर असतं, नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत जमिनीत खोदलेल्या चुलीवर. निवड असेल तर नोव्हेंबर घ्या.

घरी आणायला नेरिकिरी निरुपयोगी, ती त्याच दिवशी खायची. हिगाशी आणा. माच्चाचा डबा लहान घ्या: दगडी जात्यावर तासाला सुमारे ४० ग्रॅमच दळला जातो, म्हणून तो महाग, आणि उघडल्यावर महिन्याभरात संपवला नाही तर हिरवा रंग आणि वास दोन्ही जातात. डबा फ्रिजमध्ये ठेवा, पण बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. मुंबईच्या पावसाळ्यात तर नाहीच. चासेन नाराजवळच्या ताकायामा गावचा मिळाला तर उत्तम. तो साबणाने कधी धुऊ नका, नुसत्या गरम पाण्यात दोनदा हलवा आणि उघड्यावर वाळवा. ओला डब्यात घातलात की बुरशी येते.