२१४७४८३६४७

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस ही संख्या बहुतेकांना ठाऊक असते ती संगणकामुळे. चिन्हासह ३२ बिटांत, म्हणजे ० किंवा १ अशा ३२ अंकांत, मावणारा हा सर्वांत मोठा पूर्णांक. १९७० पासूनचे सेकंद अशा ३२ बिटांत मोजणारी घड्याळे १९ जानेवारी २०३८ रोजी तिच्यापाशी पोहोचतील आणि पुढच्याच सेकंदाला थेट १९०१ सालात जाऊन पडतील. ही कीर्ती मला जरा उसनी वाटते, कारण संख्या मूळ, म्हणजे १ आणि स्वतःखेरीज कशानेही भाग न जाणारी, आहे की नाही याच्याशी त्या गोंधळाचे काडीचेही देणेघेणे नाही. ६४ बिटांची तशीच मर्यादा, म्हणजे २ चा ६३ वा घात वजा १, हिला तर ७ ने सरळ भाग जातो, आणि त्यावाचून कोणाचे काही अडलेले नाही.

आपली संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. अशी वजाबाकी कोणत्या घातांकांना मूळ संख्या देते याची यादी फ्रेंच गणिती मर्सेनने १६४४ साली दिली, तीत ३१ हा घातांक लिहिला होता खरा, पण त्याच यादीतले ६७ आणि २५७ पुढे खोटे ठरले, तेव्हा तिच्यावर विसंबण्यात अर्थ नव्हता. ती मूळ असल्याची सिद्धता दिली गणितज्ञ ऑयलरने, १७७२ साली, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना. या संख्येचे वर्गमूळ ४६३४० च्या किंचित पुढे येते, म्हणजे सरळ मार्गाने गेल्यास तिथपर्यंतच्या ४७०० हून अधिक मूळ संख्यांनी भागून पाहणे आले. पण विभाजक असलाच, तर त्याला ६२ ने भागल्यावर बाकी १ उरली पाहिजे आणि ८ ने भागल्यावर १ किंवा ७. दोन्ही अटी जुळवल्या की २४८ ने भागल्यावर १ किंवा ६३ बाकी ठेवणाऱ्या संख्याच उरतात. ६३ आणि २४९ मूळ नाहीत. ३११ आहे, आणि तिने भागल्यावर बाकी उरते ३५. त्यानंतरची मूळ उमेदवार एकदम १३०३, तिची बाकी २२६. हे काम वहीपेन्सिलीने कोणालाही पुरे करता येईल, आणि माझ्या मते या संख्येचे खरे आकर्षण तेच आहे.

तिच्या मूळपणाचा रोकडा उपयोग यादृच्छिक, म्हणजे कसलाही क्रम न दिसणाऱ्या, संख्या तयार करताना होतो. १ पासून सुरुवात करावी, दर वेळी १६८०७ ने, म्हणजे ७ च्या पाचव्या घाताने गुणावे आणि आपल्या संख्येने भागून बाकी ठेवावी : १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३... यासाठी नुसते मूळ असून भागत नाही, गुणकही पारखून घ्यावा लागतो. तो असा नेमका असला की २१४७४८३६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकदा, आणि एकदाच, हजेरी लावते. सगळ्यांत शेवटी, १ पुन्हा उगवण्याच्या एक पायरी आधी, १४०७६७७००० येते. ती तीन शून्ये मात्र निव्वळ योगायोगाची.