ओसाकाचा सूर्यमनोरा

ओसाकात मोनोरेलने बानपाकू पार्कला उतरलं की आधी दिसतो तो सूर्यमनोरा, तारो ओकामोतो या जपानी कलाकाराने १९७० च्या एक्स्पोसाठी, म्हणजे जागतिक प्रदर्शनासाठी केलेला, सत्तर मीटर उंच, पांढराशुभ्र आणि दोन्ही हात पसरून उभा. त्या सहा महिन्यांत सहा कोटींहून जास्त लोक येऊन गेले, अमेरिकेच्या पॅव्हेलियनमध्ये चंद्रावरचा दगड बघायला तर तासन् तास रांगा लागायच्या म्हणे. आता बाकी पॅव्हेलियन जवळपास सगळे गेले, वास्तुविशारद केन्झो तांगेने प्रदर्शनासाठी केलेलं प्रचंड छप्परही पाडलं, हा मात्र राहिला.

पण खरी मजा आत आहे! २०१८ पासून आत सोडतात, आधी बुकिंग करून जा. मधोमध 'जीवनवृक्ष' आहे, खाली एकपेशीय जीव, मग मासे, डायनासोर आणि वरती माणूस. त्यातला एक गोरिला मुद्दाम दुरुस्त केला नाहीये, डोक्याची कातडी गेलेली, आतली यंत्रं उघडी. मला तर नव्याने रंगवलेल्या सगळ्या प्राण्यांपेक्षा तोच जास्त आवडला, कारण मधली इतकी वर्षं त्याच्या अंगावर दिसतात. ओसाकाला गेलात तर किल्ल्याइतकाच वेळ इथेही काढा.